लेकीने निवडलेली युनिव्हर्सिटी

मुलीने फॉर्म भरला तेव्हा मी लॅबमध्ये होते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताची सॅम्पल्स तपासायची माझी नोकरी. शिफ्टला असताना फोन लॉकरमध्ये असतो. लंचला लॉकर उघडला तर तिचा मेसेज आलेला. ‘मम्मा, सबमिट केलं. प्लीज घाबरू नकोस.’ कशाला घाबरायचं तेच मला माहीत नव्हतं, पण मी घाबरले ती पुढे सहा महिने.

ती सिडनीत पब्लिक हेल्थ शिकत होती, दुसऱ्या वर्षाला. तिच्या युनीकडून एक सेमिस्टर अमेरिकेत जाऊन करायची सोय होती आणि निवडायला तीन जागा होत्या. त्यातल्या दोन अशा, की नाव नुसतं उच्चारलं तरी गिरावीनमधल्या, आमच्या सबर्बमधल्या, कुठल्याही आईच्या भुवया वर जाव्यात. तिने तिसरी निवडली. एका मोठ्या शहरातली सरकारी युनिव्हर्सिटी. कृष्णवर्णीय मुलांना बाकीची कॉलेजं दाराशीही उभं करत नव्हती त्या काळात, त्यांच्यासाठी म्हणून निघालेली. आता तिथे कुणीही शिकू शकतं, पण अजूनही बहुतेक विद्यार्थी तेच, त्याच शहरातले, बरेचसे नोकरी करून शिकणारे.

संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता मी विचारलं, “रँकिंग बघितलंस?”

“बघितलं.”

“मग?”

“मग काय? तिथले स्टुडंट्स शहरातल्या वस्त्यांत हेल्थ क्लिनिक चालवतात, मम्मा. इथे मी दोन वर्षं नुसत्या स्लाइड्स बघतेय.”

नवरा म्हणाला, “जाऊ दे गं, चार महिन्यांचा तर प्रश्न आहे,” आणि लॉनमोवर घेऊन बाहेर गेला. त्याला असं बाहेर जाता येतं. मला येत नाही. मी फोनवर रस्त्यांचे फोटो दाखवणारा नकाशा उघडला आणि त्या युनिव्हर्सिटीच्या आजूबाजूच्या रस्त्यांवरून बोटाने फिरत बसले. बंद पडलेलं एक दुकान, एक चर्च, बसस्टॉपवर पिशवी घेऊन उभी असलेली एक बाई, जिचा चेहरा पुसट केलेला. हेच रस्ते मी पुढे किती वेळा चालले असेन. चहा उतू जायचा आणि मी तिकडे तिसऱ्या चौकात असायचे.

माझी एक मैत्रीण आहे. मूळची पुण्याची, आमच्यापासून दोन रस्ते सोडून राहते. तिचं ऑफिस पॅरामॅटाला, माझं हॉस्पिटल त्याच वाटेवर, म्हणून आठवड्यातून तीन दिवस मी तिच्या गाडीतून जायचे. अकरा वर्षं. माझं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस डबा तिने आणून दिला होता. तिला मी सांगितलं तेव्हा ती सिग्नलला माझ्याकडे वळून म्हणाली, “अगं, तिथे? एवढे मार्क मिळवून? आणि तिथलं क्राउड?”

“तेच तर म्हणतेय मी,” मी म्हटलं.

आणि घरी येऊन तेच वाक्य मुलीला ऐकवलं. ती लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाली, “क्राउड म्हणजे?”

मी भाजी चिरायला घेतली. तो शब्द मी लहानपणापासून ओळखत होते. आमच्या गावात माझ्या वडिलांच्या कॉलेजबद्दल लोक हेच म्हणायचे, याच आवाजात. “कॉलेज ठीक आहे हो, पण तिथलं क्राउड.”

माझे वडील मराठवाड्यातल्या एका कॉलेजात शिकले. आमच्या लोकांना शिकता यावं म्हणून निघालेलं कॉलेज. आमचे लोक म्हणजे ज्यांना गावाच्या विहिरीवर हात लावू देत नसत ते. हे मी इथे, सिडनीत, कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याचं आडनाव असं आहे की त्यावरून काहीच कळत नाही. मैत्रिणीने पहिल्याच भेटीत हसत हसत विचारलं होतं, “आडनावावरून पत्ता लागत नाही गं, तुम्ही नक्की कोण?” मी म्हटलं, “आम्ही औरंगाबादचे,” आणि मीही हसले. तिला जे समजायचं ते ती समजली, आणि मी समजू दिलं. मी सिडनीला येताना वडिलांनी दिलेला फोटो, आमच्या प्रत्येक घरात दर्शनी भिंतीवर असतो तो, माझ्या घरी बेडरूममधल्या कपाटाच्या आतल्या बाजूला आहे. मुलीला आम्ही सांगितलं होतं की आपण बुद्धिस्ट. एवढंच. शाळेत तिची एक श्रीलंकन मैत्रीण होती, तिच्यासारखंच आपलं काहीतरी, असं ती समजून चालली होती.

ऑगस्टमध्ये ती गेली. विमानतळावर मी तिच्या बॅगेचं वजन तीनदा केलं, मग चेक-इनवाली म्हणाली, “शी’ल बी राइट, लव्ह.” सगळं नीट होईल, याला इथे असं म्हणतात. घरी आल्यावर मी मसाल्यांचे सगळे डबे काढून धुतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढले.

तिचा फोन माझ्या सकाळी यायचा, शिफ्टच्या आधी. तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ असायची. पहिले दोन आठवडे ती रडवेली होती. क्लासमध्ये एका मुलीने तिला सरळ विचारलं होतं, “तू इथे का आलीस? आमच्याकडे बघायला?” विचारलं ते भांडून नाही, साधं विचारलं, पण हिला ते लागलं. वर तिच्या रूममेटला सिडनीच्या नकाशावर ब्लॅकटाउन दिसलं. “तुमच्या शेजारी ब्लॅकटाउन नावाचं गाव आहे? का?” हिला ते माहीत नव्हतं. शोधल्यावर कळलं, की इथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांना आईबापांपासून वेगळं काढून ज्या शाळेत ठेवलं होतं, तिच्या आसपासच्या वस्तीवरून ते नाव पडलं.

“मम्मा, आपण तिथे दर शनिवारी जातो. तुला माहीत होतं?”

“नाही.”

“कधी विचारावंसंही नाही वाटलं?”

“नाही वाटलं,” मी म्हटलं. मग जे मनात होतं ते बोलून टाकलं. “एवढा त्रास होत असेल तर ये परत. तिकिटाचं बघू.”

तिने नाक पुसलं. मग म्हणाली, “तू खूश झालीस ना, मला त्रास होतोय म्हणून?” आणि फोन ठेवला. खोटं नव्हतं ते. त्या दिवशी लॅबमध्ये मी एकाच सॅम्पलवर दोनदा लेबल लावलं. सीनिअरने वरचं काढून दिलं.

पण ती परत आली नाही. तिला क्लिनिकमध्ये ब्लड प्रेशर मोजायला बसवलं आणि ती रुळली. फोनवर आता दुसऱ्याच गोष्टी येऊ लागल्या. तिच्या वर्गात चाळिशीच्या दोन बायका होत्या, एक बस चालवायची. प्राध्यापिका हजेरी घेताना हिचं नाव नीट उच्चारता येईपर्यंत थांबली, वर्ग हसला तरी थांबली. ऐकताना मला बरं वाटायचं, आणि लगेच धाकधूक. हे सगळं कुठल्या दिशेने चाललंय ते मला दिसत होतं.

ऑक्टोबरमध्ये ते आलंच. त्या प्राध्यापिकेने सगळ्यांना एक काम दिलं. आपल्या घरातलं सगळ्यात आधी कॉलेजात कोण गेलं ते शोधा, त्या माणसाशी त्याच्या भाषेत बोला आणि रेकॉर्ड करा.

“आजोबा ना?” ती म्हणाली. “पण माझं मराठी त्यांना झेपत नाही. तू मध्ये बस, ट्रान्सलेट कर.”

शनिवार ठरला. इथे साडेअकरा, औरंगाबादला सकाळचे सहा. पप्पा ब्याऐंशी वर्षांचे आहेत, शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. पाचला उठून आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते फोनसमोर बसले होते. कॉलर दोनदा सारखी केली.

मुलीने पहिला प्रश्न विचारला, “शाळा कशी होती?” पप्पा मराठीत सांगू लागले, मी इंग्रजीत. ते शाळेच्या व्हरांड्यात बसून शिकले हे मला माहीत होतं. पुढचं नव्हतं.

“पाढे ऐकून पाठ केले,” ते म्हणाले. “तिसापर्यंत येत होते मला. पण मी बसायचो तिथून फळा दिसत नव्हता. त्यामुळे आकडे लिहितात कसे, ते वर्षभर कळलंच नाही. सात नव्वे त्रेसष्ठ म्हणायचो, पण त्रेसष्ठ दिसतं कसं ते ठाऊक नाही.”

मी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि थांबले. पन्नास वर्षं मी या माणसाची मुलगी आहे. दहावीपर्यंत गणित मला त्यांनीच शिकवलं, पाटीवर आकडे सुंदर काढून दाखवायचे, प्रत्येक आकडा वेगळा, सुटा. मी कसंबसं सांगितलं.

“पण बाहेर का?” मुलगी म्हणाली. “आत जागा नव्हती?”

मी काय सांगावं याचा विचार करत होते. पप्पांना तेवढं इंग्रजी समजलं. तेच सावकाश म्हणाले, “बिकॉज वुई वेअर अनटचेबल, बाळ.”

स्क्रीनवर मुलगी माझ्याकडे बघत होती. आणि मला जाणवलं की स्वयंपाकघरात अजून कुणीतरी आहे. मैत्रीण फ्रिजजवळ उभी होती, हातात गाडीची किल्ली. दिवाळीच्या सामानाला जायचं ठरलं होतं आमचं, आणि ती नेहमी बाजूच्या दारानेच आत येते.

पप्पांना ती दिसत नव्हती. ते बोलतच राहिले. कॉलेजात नाव घालायला गेले तो दिवस सांगत होते. पत्र्याची ट्रंक, बस सुटली म्हणून शेवटचे काही मैल पायी. “टेबलाशी क्लार्क होता. त्याने नाव विचारलं, मी सांगितलं. त्याने लिहिलं आणि म्हणाला, जा, खोली नंबर बारा. मी तिथेच उभा. तो म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, अजून काही विचारायचं नाही?” पप्पा हसले. “तोवर नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. त्या टेबलापाशी तो आला नाही.”

मुलगी रडत होती. मी भाषांतर पूर्ण केलं, शेवटच्या शब्दापर्यंत, मैत्रिणीकडे पाठ करून. मग पप्पांना म्हटलं, चहा घ्या, आणि फोन बंद केला.

आम्ही सामानाला गेलो. न जाण्यासाठी दोघींनाही काही कारण सुचलं नाही. तिने गाडी हायवेला घातली. मग म्हणाली, “मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगायचं होतं?”

“अकरा वर्षं, अगं. मी विचारलंही होतं तुला. पहिल्याच दिवशी.”

“तू विचारलंस म्हणूनच नाही सांगितलं.”

तिने गाडी एका पेट्रोलपंपाच्या कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं. मग पुन्हा रस्त्याला लागली. दुकानात आम्ही पोहे, डाळवं, खोबरं सगळं यादीप्रमाणे घेतलं. उतरताना ती म्हणाली, “सोमवारी मला लवकर मीटिंग आहे.” मी म्हटलं, “नो वरीज, मी ट्रेनने जाईन.”

पुढचे तीन आठवडे ट्रेनच. पेंडल हिल स्टेशनला मी गरज नसताना वीस मिनिटं आधी पोचायचे आणि प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचे. मनात तिच्याशी भांडायचे, मग तिच्या बाजूने बोलायचे. नवरा म्हणाला, “एक दिवस कळणारच होतं. बरं झालं.” मला बरं झालंय असं वाटत नव्हतं. हलकंही वाटत नव्हतं. कपडे बदलायच्या खोलीचं दार कुणीतरी उघडलं आणि ते बंद करायचं विसरलं, तसं वाटत होतं.

चौथ्या आठवड्यात एका रविवारी मी मागे अंगणात कपडे वाळत घालत होते तेव्हा ती आली. आत न येता फाटकापाशीच थांबली.

“मी आठवत बसलेय,” ती म्हणाली. “या अकरा वर्षांत मी तुझ्यासमोर काय काय बोलले असेन. रिझर्व्हेशनवरून, कामवाल्यांवरून. आठवतं थोडं थोडं. झोप लागत नाही.”

“मला सगळं आठवतंय,” मी म्हटलं.

हे बोलताना मला तिला दुखवायचं होतं. ते लागलंही. ती मान खाली घालून उभी राहिली. मग पुढे आली आणि बादलीतली ओली चादर उचलली. एक टोक तिने धरलं, एक मी. दोघींनी मिळून ती पिळली आणि दोरीवर टाकली. माफी वगैरे काही झालं नाही. जाताना तिने विचारलं, “त्या दिवशी काका बोलत होते ते रेकॉर्ड झालंय ना? मला पुढचं ऐकायचंय.” मी म्हटलं, मुलीला विचारून सांगते.

डिसेंबरमध्ये मी अमेरिकेला गेले. सेमिस्टरच्या शेवटी त्या मुलामुलींना आपापलं काम एका हॉलमध्ये सगळ्यांसमोर मांडायचं होतं, घरच्यांना बोलावलं होतं. मला दहा दिवसांची रजा मिळाली. इथल्या कडक उन्हाळ्यातून निघून मी थेट थंडीत उतरले. फोनवर बोटाने चाललेले सगळे रस्ते खरे होते, पण माणसांनी भरलेले. बंद म्हणून ज्या दुकानाची धास्ती घेतली होती तिथे आता न्हाव्याचं दुकान होतं आणि दारात चार जण हसत उभे होते. युनिव्हर्सिटीच्या फाटकासमोरच बसस्टॉप. बसमधून नर्सच्या कपड्यातल्या बायका उतरत होत्या, कुणी सिक्युरिटीच्या युनिफॉर्ममध्ये, एकीच्या कडेवर पोर. सगळे विद्यार्थी. कामावरून सुटून वर्गात जाणारी ही माणसं बघताना मला माझ्या डोक्यातली रँकिंगची यादी आठवली आणि लाज वाटली.

हॉलमध्ये माझ्या शेजारी तिच्या रूममेटची आजी बसली होती. ऐंशीच्या घरातली, जांभळी टोपी, हातात काठी. तीही शाळामास्तरीण होती. तरुणपणी इथेच शिकलेली, मग तिची मुलगी, आता नात. माझी लेक स्टेजवर उभी राहिली. तिने आधी पप्पांचा आवाज लावला, मराठीतला, तसाच. तीनशे माणसांच्या हॉलमध्ये “सात नव्वे त्रेसष्ठ” ऐकू आलं. मग तिने इंग्रजीत सांगितलं. क्लार्क पुढचा प्रश्न विचारत नाही तिथे ती आली तेव्हा शेजारच्या आजी मोठ्याने “म्म-हं” म्हणाल्या, मागून अजून कुणी म्हणालं, मग सगळीकडून तो हुंकार येऊ लागला. त्या हॉलमध्ये ती गोष्ट कुणाला समजावून द्यावी लागली नाही.

नंतर चहाकॉफीच्या टेबलापाशी आजींनी मला विचारलं, “तुझे वडील तिथे शिकले. तू कुठे शिकलीस?”

मी कॉलेजचं नाव सांगितलं. मग, का कोण जाणे, पुढचंही सांगितलं. की मी रिझर्व्ह सीटवर गेले होते, आणि हे मी भारताबाहेर आज पहिल्यांदाच तोंडाने बोलतेय.

“लोकांनी ते कधी विसरू दिलं का तुला?”

“नाही.”

“आम्हालाही नाही,” त्या म्हणाल्या. पर्समधून पेपरमिंटच्या दोन गोळ्या काढल्या, एक मला दिली, एक स्वतः तोंडात टाकली. मग पप्पांचं वय विचारलं, तब्येत विचारली, आणि शेवटी त्यांचा पत्ता.

मुलगी माझ्याबरोबरच परत आली. पुढच्या वर्षी डिग्री झाली तिची. आता मास्टर्ससाठी तिने पुन्हा त्याच युनिव्हर्सिटीला अर्ज केलाय, या वेळी दोन वर्षांसाठी, आणि उत्तराची वाट बघतेय. कपाटातला फोटो बाहेर लावायचा हट्ट तिने धरला. हॉलमध्ये की जेवणाच्या टेबलामागे, यावर आमचं आठवडाभर वाजलं. शेवटी तिने मला न विचारता खिळा ठोकला. कुणी दारावरची बेल वाजवली की माझी नजर अजून आधी तिकडे जाते. मैत्रीण आता गुरुवारी मला गाडीतून नेते, बाकीचे दिवस ट्रेन. आम्ही बोलतो, पण ती एखादं वाक्य अर्धं बोलून थांबते आणि दुसरं शोधते. पूर्वी ती धडाधड बोलायची. मला ती घाई कधी कधी आठवते आणि ती आठवते याचा रागही येतो.

आणि तिकडे पप्पा आणि त्या आजी एकमेकांना पत्रं लिहितात. हाताने, इंग्रजीत. टपाल पोचायला फार वेळ लागतो म्हणून पप्पा लिहिलेल्या पानांचा फोटो काढून मला पाठवतात आणि मी तो त्यांच्या नातीला. तिकडून तसंच उलट. पप्पा म्हणतात, माझं इंग्रजी तपासून मग पाठव. मी एक अक्षर बदलत नाही. लंचमध्ये लॉकर उघडून पानं पाठवते आणि ती पोचेपर्यंत कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालते. परवाच्या पत्रात पप्पांनी विचारलंय, की तुमच्या होस्टेलातही डाळ पाण्यासारखी पातळ असायची का, आणि असेल तर त्याबद्दल तक्रार करायला तुमच्यातलं कोण पुढे व्हायचं.